जन्म दाखल्यात बाळाच्या नावाची जागा रिकामी आहे?

आपल्याकडे बाळाचं नाव बहुतेक वेळा सातव्या दिवशी, अकीक्याला पक्कं होतं. दवाखान्यातून जन्माची माहिती मात्र त्याआधीच नगरपरिषदेत गेलेली असते. मग दाखला येतो, पण नावाशिवाय. शाळेत घालायची वेळ आली की धावपळ सुरू.

घाबरायचं कारण नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ प्रमाणे नाव नंतर घालता येतं. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत काहीच शुल्क नाही. पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरावं लागतं. मात्र जन्माची नोंदच केलेली नसेल, तर ते प्रकरण वेगळं. वर्ष उलटल्यावर त्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

अर्ज बाळ जिथे जन्मलं तिथेच द्यायचा. सून बाळंतपणाला माहेरी गेली असेल तर नोंद तिकडच्या दप्तरात असते, इथल्या खिडकीवर चकरा मारून उपयोग नाही.

स्पेलिंगकडे नीट बघा. बापाच्या आधारवर ‘शेख’ आणि मुलाच्या दाखल्यावर ‘शैख’, कुठे ‘मोहम्मद’ तर कुठे नुसतं ‘मो.’, हा आपला जुनाच घोटाळा. कलम १५ खाली दुरुस्ती होते, पण पुरावे जमवताना दमछाक होते. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे.

अर्ज दिला की शिक्का मारलेली पोच मागून घ्या.