मोलकरणीची वही

आमची नरसी म्हणजे नामदेव महाराजांचे गाव. महाराजांचे नाव निघाले की जनाबाईची आठवण होतेच. ती गंगाखेडची. पंढरपुरास दामाशेटींच्या घरी ती दळण-कांडण, शेणपाणी करी. स्वतःला नामदेवांची दासी म्हणवी.

आजही किती तरी बाया परक्या घरी धुणीभांडी करतात. आता त्यांना दासी कोणी म्हणू नये. कायद्याने त्यांना 'घरेलू कामगार' म्हटले आहे. हे काही आपोआप झाले नाही. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी काम बंद ठेवले होते. पगार वाढवा, आजारपणात रजा द्या, असे त्यांचे मागणे होते. पुढे 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला.

18 ते 60 वयाच्या बाईने, किंवा घरकाम करणाऱ्या गड्यानेही, मंडळात नाव नोंदवावे. जिथे काम करता तिथल्या जिल्ह्याच्या कामगार कचेरीत जाऊन विचारा. अपघात, औषधपाणी, मुलांचे शिक्षण, दोन बाळंतपणे यांसाठी मदतीची सोय कायद्यात आहे. मरण आले तर अंत्यविधीचा खर्च वारसाला मिळतो. नोंदीची मुदत संपू देऊ नका. 2021 साली करोनाच्या टाळेबंदीत सरकारने घरकामगारांना 1,500 रुपये दिले. ते ज्यांची नोंद चालू होती त्यांनाच. बाकीच्या बाया बघत राहिल्या.

मालकाने किंवा घरातल्या कोणी अंगचटीला येण्याचा प्रकार केला तर गप्प बसू नका. 2013 चा कायदा मोलकरणीलाही लागू आहे. तीन महिन्यांच्या आत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करावी. लिहिता येत नसेल तर समितीनेच लिहून घ्यायचे असते. आणि 14 वर्षांखालच्या पोरीला तर कोणाच्या घरी कामाला ठेवूच नये. 2006 पासून तो गुन्हा आहे.

आता एक खरे सांगतो. पगार किती, सुट्टी किती, हे 2008 चा कायदा ठरवून देत नाही. ते तुम्हीच आधी बोलून घ्यायचे आणि वहीत लिहायचे. कसे? असे :

3 तारीख. खाडा.
7 तारीख. पाहुणे. जादा भांडी.
10 तारीख. उचल 200 रुपये.

आमच्या रात्रीच्या वर्गातली एक बाई अशी वही ठेवी. महिनाअखेर मालकीण म्हणाली, "चार खाडे झाले." बाईने वही पुढे केली. खाडे दोनच होते. मालकिणीने वही दोनदा वाचली, आणि दोन दिवसांचे पैसे काढून दिले.