कथालेखनाचे शिबिर : एका दिवसाचा हिशेब

कथा लिहायला शिकविता येते काय, हा प्रश्न मराठी वाङ्मयव्यवहारात अधूनमधून विचारला जातो आणि बहुधा त्याचे उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरविलेले असते. एक पक्ष म्हणतो, लेखक हा जन्मावा लागतो. त्याला घडविण्याची भाषा करणे म्हणजे वाळूचे कण रगडण्यासारखे आहे. दुसरा पक्ष सकाळी दहा ते सायंकाळी पाच अशी कथालेखनाची शिबिरे भरवितो, शुल्क घेतो आणि समारोपाला प्रमाणपत्रे वाटतो. पहिल्याला दुसऱ्याचा उद्योग हास्यास्पद वाटतो, तर दुसऱ्याला पहिल्याचा अभिमान पोकळ वाटतो. या वादात एक साधी वस्तुस्थिती मात्र बाजूला पडते. रविवारची सुटी आणि पदरचे पैसे खर्चून शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या शिबिरांना येतात. त्यांना तेथे काय मिळते, आणि काय मिळावयास हवे, याचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

प्रतिभा उपजत असते हे आपल्या परंपरेला मान्यच होते. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याचे कारण सांगताना उपजत शक्तीच्या जोडीला लोकव्यवहार व शास्त्रे यांच्या निरीक्षणातून येणारी निपुणता आणि काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीखाली केलेला अभ्यास या दोन गोष्टी ठेवल्या आहेत. त्याच शतकातील क्षेमेंद्राने तर ‘कविकण्ठाभरण’ हा होतकरू कवींसाठीचा मार्गदर्शक ग्रंथच लिहिला आणि थोड्या प्रयत्नाने साधणारे, पुष्कळ प्रयत्नाने साधणारे व मुळीच न साधणारे अशी शिष्यांची प्रतवारीही लावली. तेव्हा लेखनाचे शिक्षण ही पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली कल्पना आहे, असे म्हणण्यात अर्थ नाही.

या दोघांच्याही आधी होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कवीची दिनचर्या घालून दिली आहे. दिवसाच्या पहिल्या प्रहरी विद्यांचे अध्ययन, दुसऱ्या प्रहरी काव्यरचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी आणि चौथ्या प्रहरी सकाळी रचलेल्या काव्याची परीक्षा. ही परीक्षा एकट्याने करावी किंवा मोजक्या मंडळींसह करावी, असे तो सांगतो. रचनेच्या आवेशात असताना विवेकाची दृष्टी राहत नाही, हे त्याचे त्यामागील कारण होय. आजच्या कोणत्याही एकदिवसीय शिबिराचा आराखडा याहून शहाणपणाचा असू शकणार नाही. दुर्दैव असे की, आपल्या बहुतेक शिबिरांत पहिल्या प्रहराचाच विस्तार दिवसभर चालतो आणि चौथा प्रहर कधी उगवतच नाही.

नवोदित लेखकाची खरी अडचण कोणती, याचा विचार केला म्हणजे या चौथ्या प्रहराचे महत्त्व पटते. त्याच्याजवळ अनुभव असतो, बहुधा भाषाही असते. नसतो तो एक दक्ष वाचक. एखाद्याने बदलीमुळे घर मोडलेल्या कारकुनाची कथा लिहिली आणि तिची पहिली दोन पाने पावसाच्या वर्णनात घालविली, तर ती कथा तिसऱ्या पानावर सुरू होते, हे त्याला स्वतःला दिसत नाही. नायकाच्या पत्नीला साऱ्या कथेत एकही वाक्य बोलायला मिळालेले नाही, हे त्याच्या ध्यानी येत नाही. घरची माणसे कौतुक करतात, मित्र न वाचताच छान म्हणतात. कथा नेमकी कोठे थांबली आणि कोठे खोटी झाली, हे सांगणारा माणूस त्याला हवा असतो. प्रतिभा कोणी कोणाला देऊ शकत नाही. दुसरा खर्डा लिहिण्याची दृष्टी मात्र देता येते.

हे काम महाराष्ट्रात एके काळी नियतकालिकांच्या संपादकांनी केले. गिरगावातील खटाववाडीतून निघणाऱ्या ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक नवोदितांच्या हस्तलिखितांवर बारकाईने पत्रे लिहीत आणि कथा पुन्हा लिहावयास सांगत. साभार परत आलेल्या पाकिटातील ते पत्र म्हणजे टपालाने चालणारे विनाशुल्क शिबिरच होते. त्या श्रमाचे मोल लेखकाकडून घेतले जात नसे. ते प्रकाशनव्यवसायाच्या खर्चात सामावून जाई. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली. दिवाळी अंक निघत राहिले, परंतु वर्षभर हस्तलिखितांशी झगडणारी ती संस्था मागे पडली.

अर्थात त्या काळाचे केवळ गोडवे गाणेही बरोबर नव्हे. मूठभर संपादकांच्या अभिरुचीतून जे सुटत नसे, ते वाङ्मयच नव्हे, असा समज त्यातून बळावला. १९६९ साली अनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, तो याच संतापापोटी. औरंगाबादेहून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी चालविलेल्या ‘अस्मितादर्श’ने आणि त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांनी दलित लेखकांना स्वतःचे व्यासपीठ आणि स्वतःचे वाचक मिळवून दिले. तात्पर्य, नव्या लेखकाला पहिला वाचक हवा, तसाच तो त्याचे जग जाणणाराही हवा.

या संदर्भात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे उदाहरण उद्बोधक आहे. सर्जनशील लेखन प्रबंधाऐवजी पदवीसाठी स्वीकारण्याचा निर्णय या विद्यापीठाने १९२२ साली घेतला आणि १९३६ साली तेथे लेखन कार्यशाळा रीतसर सुरू झाली. हस्तलिखिताच्या प्रती आधी वाटावयाच्या, सर्वांनी ते वाचून यावयाचे आणि चर्चा चालू असताना लेखकाने मौन पाळावयाचे, ही पद्धत तेथूनच जगभर पसरली. लेखन शिकविता येत नाही, हे तत्त्वतः मान्य करणारी ही संस्था प्रतिभेला उत्तेजन देण्यापुरतीच आपली जबाबदारी मानते. १९६७ साली निघालेल्या तेथील आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात आपले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात सहभागी झाले होते. परंतु या यशोगाथेतील एक बाब सहसा सांगितली जात नाही. आयोवा हे राज्याच्या पैशावर उभे राहिलेले सार्वजनिक विद्यापीठ होते आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे आलेल्या अनेक माजी सैनिकांचे शुल्क १९४४ च्या कायद्यान्वये सरकार भरीत होते.

आता आपल्या शिबिराचा हिशेब पाहू. दहा ते पाच या सात तासांची मिनिटे होतात ४२०. त्यांतून उद्घाटन व सत्कार यांची ६०, भोजन व चहा यांची ९०, समारोपाची ३० आणि दोन व्याख्यानांची १२० मिनिटे वजा केली म्हणजे १२० उरतात. शिबिरार्थी ५० असतील, तर प्रत्येकाच्या लेखनाच्या वाट्याला अडीच मिनिटेही येत नाहीत. उलट शिबिरार्थी १२ च घेतले, सत्कार व व्याख्याने गाळली, भोजन व चहा यांना ९०, प्रारंभ व समारोप यांना मिळून ३० आणि प्रत्यक्ष लेखनाला ६० मिनिटे दिली, तर २४० मिनिटे उरतात. म्हणजे प्रत्येकी २० मिनिटे. कथा आधी वाचलेली असेल, तर तेवढ्यात पुष्कळ सांगता येते.

मग आयोजक पन्नास जण का घेतात? ते लबाड असतात म्हणून नव्हे. सभागृहाचे भाडे आणि पाहुण्यांचे मानधन हे स्थिर खर्च आहेत. डोकी वाढली की दरडोई भार कमी होतो. व्याख्यान पन्नासांना दिले काय आणि पाचशेंना दिले काय, त्याचा खर्च तोच. पण लक्षपूर्वक वाचन ही अशी वस्तू आहे की, वाटेकरी वाढले तितके ते आटते. म्हणून शुल्कावर चालणाऱ्या शिबिराचा ओढा स्वभावतःच व्याख्यानाकडे असतो. आणि जे शिबिर लहान राहते, ते महागते. दोन्हींत हरतो तो तालुक्याच्या गावातला, एस. टी. च्या भाड्याचाही विचार करणारा होतकरू लेखक.

ही उणीव नवी नाही. १८७८ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या ग्रंथकार संमेलनाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रानडे होते. १८८५ साली दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण आले, तेव्हा जोतीराव फुले यांनी ते पत्राने नाकारले. कष्टकऱ्यांच्या सुखदुःखाला ज्यांच्या सभांत आणि पुस्तकांत जागा नाही, त्यांच्याशी आपला मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. लेखकांच्या मेळाव्यात कोणाला जागा मिळते, यावर त्या भाषेत कोणाचे जीवन लिहिले जाते हे ठरते.

यावर उपाय अशक्य नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान मिळणारी सार्वजनिक ग्रंथालये महाराष्ट्रात गावोगाव आहेत. तेथे सभागृह नसले तरी वाचनकक्ष आहे, टेबले आहेत, कथासंग्रहांची कपाटे आहेत. जिल्ह्यातील एका ग्रंथालयाने वर्षातून दोनदा बारा जणांना बोलवावे. हस्तलिखिते पंधरा दिवस आधी मागवावीत. ती खरोखर वाचणारा एक जाणकार नेमून त्याला भाषणाचे नव्हे, तर वाचनाचे मानधन द्यावे. आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या खर्ड्यासह तीच मंडळी पुन्हा एकत्र बसवावीत. हार, शाल आणि प्रमाणपत्र यांचा खर्च प्रवासभाड्याकडे वळवावा. महाविद्यालयांच्या वाङ्मय मंडळांनाही हे सहज जमेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट होय. पण हा दर्जा भाषेच्या भूतकाळाचा गौरव आहे. तिचे पुढचे पान कोणत्या तरी शाळेतला शिक्षक, कोणत्या तरी कचेरीतला कारकून रात्री दिवा लावून लिहीत असतो. ते पान नीट वाचून परत करणारा कोणी तरी त्याला भेटला पाहिजे. एका दिवसाच्या शिबिराकडून याहून अधिक मागू नये, आणि याहून कमी स्वीकारूही नये.