अठराचा गुणाकार, सत्तेचाळीस वर्षांचा संसार

पंचवीस वर्षांचा एक तरुण धरा. खासगी नोकरी, महिन्याला २०,००० रुपये हातात. घरात बायको, आई आणि दोन लहान मुलं. एका सकाळी ट्रकने त्याच्या दुचाकीला मागून उडवलं आणि तो जागीच गेला. बारावं-तेरावं उरकतं, आणि मग कुणीतरी जाणता नातेवाईक म्हणतो, 'क्लेम टाकायला हवा.' एफआयआर, पंचनामा, पगाराची स्लिप अशी कागदांची पिशवी घेऊन घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या दारात जातात.

तिथे त्या माणसाचं गणित मांडतात. तो जगला असता तर पगार वाढला असता, म्हणून आधी २०,००० मध्ये ४० टक्के मिळवायचे. झाले २८,०००. यातले काही त्याने स्वतःवर खर्च केले असते. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून पाव हिस्सा वजा. उरले २१,०००, म्हणजे वर्षाचे २ लाख ५२ हजार. याला गुणायचं अठराने. उत्तर ४५ लाख ३६ हजार.

अठराच का? साठीपर्यंत नोकरी केली असती तर पस्तीस वर्षं होतात! मलाही पहिल्यांदा यात सरळसरळ लबाडी वाटली होती. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ही रक्कम एकरकमी मिळते आणि ठेवीत ठेवता येते. पाच टक्के व्याज धरलं तर पहिल्या वर्षी २ लाख २६ हजार ८०० रुपये व्याजच येतं. घराला लागणार २ लाख ५२ हजार. म्हणजे मुद्दलातून काढावे लागले फक्त २५,२००. दुसऱ्या वर्षी थोडे जास्त, तिसऱ्या वर्षी आणखी थोडे. असं करत मुद्दल संपायला किती वर्षं लागतात? सत्तेचाळीस! तो माणूस तेव्हा बहात्तर वर्षांचा झाला असता. महागाई आणि बँकांचे घसरते दर या चित्राला ओरखडे काढतात हे खरं, पण अठरा हा आकडा हवेतून पडलेला नाही एवढं कळलं आणि मी वयानुसार हा गुणक ठरवणाऱ्या तक्त्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

तो तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पक्का केला. दिल्लीच्या एका बसच्या अपघातात गेलेल्या अडतीस वर्षांच्या शास्त्रज्ञाचा खटला होता, न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांनी निकाल लिहिला. वय पंचविशीपर्यंत असेल तर १८, तिशीपर्यंत १७, चाळिशीपर्यंत १५, पन्नाशीपर्यंत १३, आणि पासष्ट ओलांडली की ५. वाढीव पगाराचे टक्के २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवून दिले. त्याआधी एकाच पगाराच्या, एकाच वयाच्या दोन माणसांच्या घरांना दोन न्यायालयांत दोन तऱ्हेच्या रकमा मिळत असत.

पण याहून मोठा अचंबा मागे आहे. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या कायद्यात या गणिताला जागाच नव्हती. १८०८ मध्ये एक गुत्तेवाला बायकोसह घोड्यांच्या प्रवासी गाडीच्या छतावर बसून पोर्ट्समथहून लंडनला निघाला होता. गाडी उलटली. त्याला बराच मुका मार लागला, बायको महिनाभराने दवाखान्यात मरण पावली. गुत्त्याच्या धंद्यात ती त्याचा उजवा हात होती. लॉर्ड एलनबरो या न्यायाधीशांनी सांगितलं की त्याच्या स्वतःच्या जखमांची आणि ती अंथरुणावर होती त्या महिन्याची भरपाई मिळेल, पण ती मेल्यानंतरची नाही, कारण माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी इजाच नव्हे. म्हणजे पाय मोडला तर पैसे, जीव गेला तर काही नाही. गाडीवाल्याच्या दृष्टीने अर्धमेल्या प्रवाशापेक्षा पुरता मेलेला स्वस्त!

त्याच देशात त्याच काळी दुसरा एक कायदा जिवंत होता, आणि तो तर गोष्टीतल्यासारखा. ज्या वस्तूने माणूस मरेल ती वस्तू, मग तो घोडा असो, गाडी असो की तिचं चाक, किंवा तिची पंचांनी ठरवलेली किंमत राजाकडे जमा व्हायची. 'डिओडँड' म्हणायचे तिला, देवाला द्यायची वस्तू. विधवेला मात्र त्यातला छदामही मिळेल अशी हमी नव्हती. शेकडो वर्षं हे चाललं, कारण चाकाची किंमत ती किती असणार! मग आगगाडी आली. १८४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी सॉनिंगजवळ खचलेल्या मातीच्या ढिगाऱ्यात घुसली, उघड्या डब्यांतले कामगार चिरडले, आणि पंचांनी इंजिन-डब्यांवर १,००० पौंडांचा डिओडँड लावला. पुढे तो टिकला नाही, पण रेल्वे कंपन्यांना घाम फुटला. शेवटी १८४६ च्या ऑगस्टमध्ये पार्लमेंटने एकाच महिन्यात दोन कायदे केले. एकाने डिओडँड गेला, दुसऱ्याने मृताच्या घरच्यांना भरपाई मागायचा हक्क दिला. राजाच्या तिजोरीकडे जाणारा पैसा घराच्या उंबऱ्याकडे वळला तो असा. नऊ वर्षांनी तोच कायदा हिंदुस्थानात आला, १८५५ चा जीवघेण्या अपघातांचा कायदा.

आला खरा, पण इंग्रजी घर घेऊन आला. भरपाई कुणासाठी मागायची? बायको, नवरा, आईबाप, मुलं. आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात बसवली आहेत, सावत्र मुलंही. भाऊ-बहीण नाहीत. आता आपल्याकडे थोरल्या भावाच्या पगारावर धाकट्यांची शिक्षणं आणि बहिणींची लग्नं झालेली किती घरं तुम्हाला माहीत आहेत, मोजून पाहा. मोटारींच्या कायद्यात 'कायदेशीर प्रतिनिधी' असा सैल शब्द होता. १९८७ मध्ये गुजरातच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो शब्द उघडून भावाला आत घेतलं. २०२१ मध्ये त्याच दारातून सासू आत आली. ही सासू जावयाकडे राहत होती, त्याच्याच आधाराने. वारस नसली तरी ती अवलंबून होती हे न्यायालयाने मानलं. लेकीच्या घरी पाणीही न पिणाऱ्या पिढीच्या एखाद्या आजीला हे सांगितलं तर ती काय म्हणेल, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

आणि पगारच नसेल तर? जमशेदपूरला ३ मार्च १९८९ रोजी एका पोलाद कंपनीच्या संस्थापक दिनाच्या सोहळ्यात मांडवाला आग लागली. मेलेल्यांत गृहिणी बऱ्याच होत्या. भरपाई ठरवायचं काम आलं माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे. गृहिणीच्या कामाची किंमत धरली गेली वर्षाला १२,००० रुपये. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तिप्पट करून महिना ३,००० वर नेली. तरी मोटार कायद्याच्या परिशिष्टात बिनकमाईच्या बायकोचं उत्पन्न म्हणजे कमावत्या नवऱ्याच्या उत्पन्नाचा एक-तृतीयांश, असा हिशेब बसलेला होताच. नवऱ्याला बढती मिळाली की बायकोच्या भाकरीचा भाव वाढणार, हे तर्कशास्त्र कुठल्या पाटावर बसून सुचलं असेल! २०१० मध्ये न्यायमूर्ती अशोककुमार गांगुली यांनी जनगणनेवर बोट ठेवलं, की तिथे गृहिणी भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, 'काम न करणाऱ्यांत' मोजल्या जातात. २०२१ मध्ये न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी थेट घड्याळ काढलं: २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार बाई दिवसाला २९९ मिनिटं घरकामात घालवते, पुरुष ९७.

शेतकऱ्याचं कोडं उलटं आहे. सातबारा तर मागे राहतोच, जमीन कुठे मेली? म्हणून न्यायालय पिकाचं सगळं उत्पन्न धरत नाही. पहाटे पाणी धरायला जाणारा, मजूर लावणारा, बाजारभाव बघून माल काढणारा जो माणूस गेला त्याच्या कष्टांची आणि देखरेखीची किंमत धरते.

विधवेने पुन्हा लग्न केलं तर? इंग्लंडमध्ये १९७१ पर्यंत न्यायाधीशांना साक्षीच्या पिंजऱ्यातल्या विधवेकडे बघून तिचं लग्न जुळण्याची शक्यता अजमावावी लागे आणि तेवढे पैसे कापावे लागत. काही न्यायाधीश या कामाला उघडपणे वैतागले होते. आपल्याकडे विमा कंपनीने हाच मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात काढला. एकोणिसाव्या वर्षी नवरा गमावलेल्या मुलीने पुढे संसार थाटला होता. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिवकुमार डिगे यांनी कंपनीचं म्हणणं फेटाळलं. भरपाईसाठी जन्मभर विधवाच राहावं, अशी अपेक्षा धरता येत नाही.

एवढं सगळं रस्त्यावरच्या मरणाचं. मरण गाडीने आलं नसेल, तर घरच्यांच्या हाती बहुधा १८५५ चा जुना कायदाच लागतो. पावसात विजेची तार तुटून सायकलवाला गेला, तेव्हा २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीज मंडळाची चूक सिद्ध करायचीही गरज ठेवली नाही. धोक्याची वस्तू बाळगणाऱ्याने ती सुटली तर भरून द्यावं, एवढंच. दावा मृत्यूपासून दोन वर्षांत दाखल करावा लागतो. गाडीचा असेल तर आता अपघातापासून सहा महिन्यांत. तो जुना कायदा झाला तेव्हा बोरीबंदरहून सुटणारी आगगाडी जेमतेम कल्याणपर्यंत जात होती. रूळ पुढे देशभर पसरले. कायद्यातल्या त्या यादीत मात्र भाऊ अजून नाही, आणि जावयाकडे राहणारी सासूही नाही.