पेटीत मावणारं स्वयंपाकघर

मूळ : १८६६ मध्ये टेक्सासचे पशुपालक चार्ल्स गुडनाइट यांनी गुरं हाकणाऱ्यांसाठी लष्करी गाड्यावर कप्प्यांचं कपाट बसवलं. त्याचं खाली उघडणारं दार हाच ओटा! आजची कॅम्पिंगची पेटी त्याचीच धाकटी बहीण.

माप : २ फूट लांब, दीड फूट उंच, सव्वा फूट खोल. ८ बाय ४ फुटी एका प्लायमध्ये पेटी आणि कप्पे निघतात.

वजन : ९ मिमी प्लायची रिकामी पेटी, कप्पे सोडून, साधारण साडेसात किलो भरते. भरल्यावर ती दोघांनी उचलावी. बाजूंना कड्या हव्यातच.

जोडणी : सांध्यांना गोंद आणि स्क्रू, दाराला अखंड लांब बिजागरी, पेलायला दोन साखळ्या. कडांना वॉटरप्रूफ पॉलिश न विसरता.

मांडणी : जड भांडी खाली, मिसळणाचा डबा हाताशी.

इंधन : २३० ग्रॅमचा ब्युटेनचा डबा मोठ्या आचेवर साधारण सव्वा तास पुरतो. शून्य अंशाच्या आसपास ब्युटेनची पुरेशी वाफच होत नाही, म्हणून हिमालयातल्या कडाक्याच्या थंडीत तो कुचकामी.

सावधान : तंबूत शेगडी पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.