शब्दांचा प्रवास : कराओके

जपानीतून मराठीत आलेल्या मोजक्या शब्दांपैकी ‘कराओके’ हा जोडशब्द असून त्यातील ‘कारा’ म्हणजे रिकामे (‘कराटे’ म्हणजे रिकाम्या हातांची विद्या, त्यातलाही पहिला भाग हाच), तर ‘ओके’ हे ‘ऑर्केस्ट्रा’च्या जपानी उच्चाराचे, ‘ओकेसुतोरा’चे, शेपूट छाटलेले रूप आहे. मुख्यतः परकीय शब्दांसाठी वापरल्या जाणाऱ्या काताकाना लिपीत हा शब्द सबंध लिहिण्याचा प्रघात असल्यामुळे त्यातला अस्सल जपानी अर्धाही तिथे परका दिसतो. रिकामी आहे ती गायकाची जागा : गायकाचा आवाज वगळून केवळ साथ मुद्रित केलेल्या फितीला ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात हे नाव कराओकेचे यंत्र निघण्याआधीच होते, आणि आपल्याकडचे गायक जिला नुसते ‘ट्रॅक’ म्हणतात ती वस्तू हीच.

तोक्योत नेगिशी शिगेइची यांनी १९६७ मध्ये अशा साथीवर गाता येणारे यंत्र बनवले होते. तथापि बहुतेकांच्या मुखी नाव आहे ते कोबेच्या मद्यगृहांत ग्राहकांच्या गाण्याला साथ करणाऱ्या इनोउए दाइसुके यांचे, ज्यांनी १९७१ मध्ये नाणे टाकून चालणारी यंत्रे भाड्याने दिली आणि त्यांचे पेटंट मात्र घेतले नाही.

धरमतर खाडीकाठच्या पेण तालुक्यातील आगरी-कोळी गावांत हळदीच्या रात्री ट्रॅक लावून गाणारे आता दिसतात, पण जपानी सुरांची या किनाऱ्याशी ओळख त्याहून जुनी आहे. मिरवणुकीत आणि हळदीत घुमणारा ‘बेंजो’ नावाने अमेरिकी असला, तरी घडणीने तो नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये तयार केलेल्या ‘ताइशोगोतो’चा वंशज आहे, हेच वाद्य भारतात ‘बुलबुल तरंग’ झाले आणि पुढे विजेवर चालू लागले. डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या व उजव्या हातातील पट्टीने तारा छेडायच्या, अशी त्याची रीत असून बेंजो पार्टीत गाण्याची चाल तोच वाजवतो, म्हणजे गायकाची जी जागा कराओके मोकळी ठेवतो, ती बेंजो स्वतः भरून काढतो.

दोहोंच्या आधीपासून या समाजात धवलारीण आहे. लग्नविधींची गाणी, म्हणजे धवले, गाणारी ही स्त्री वाद्यांवर विसंबत नाही. मांडव, हळद, लग्न यांतील विधी तिच्या गाण्यानेच पुढे सरकतो, आणि पूर्वी ब्राह्मणाविना तिनेच लग्ने लावल्याची परंपरा आहे. येथे कराओकेच्या नेमके उलट, आवाज आहे आणि वाद्यवृंद नाही. ट्रॅकची पट्टी गायकाच्या गळ्यानुसार वर-खाली करता येते, परंतु त्याची लांबी आधीच ठरलेली असते. हळद लावणाऱ्या बायकांची रांग संपली नाही, तर धवलारीण आणखी कडवी गाते, ट्रॅक मात्र पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतो.