चैत्र-वैशाखातील आपली चूल

स्मरणिकेत दरवर्षी धम्म, शिक्षण, चळवळ या विषयांवर लेख येतात. स्वयंपाकघराकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. पुरुष लेखक तो विषय किरकोळ मानतात, आणि ज्या भगिनींना तो ठाऊक असतो त्यांच्या हाती लेखणी क्वचितच दिली जाते. म्हणून यंदा आम्ही मुद्दाम हा विषय घेतला आहे. वसंत ऋतूत आपल्या घरांत काय शिजत असे, आज काय शिजते, आणि मधल्या काळात जे सुटले त्यातले सोडायलाच हवे होते कोणते व नकळत निसटले कोणते, हे आपण पाहू.

वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. महाडचा २० मार्च, १४ एप्रिलची जयंती आणि वैशाखी पौर्णिमा हे आपले तीन मोठे दिवस याच सुमारास येतात. हेच दिवस कैरीचे, फणसाचे आणि वाळवणाचे. म्हणजे आपले दिवस आणि ऋतूचा मेवा एकाच वेळी दारात उभे असतात. तरीही जयंतीच्या मंडपात आपण काय वाढतो? ठेकेदाराकडची पुरीभाजी आणि बुंदी. त्यात वाईट काही नाही. पण मार्गशीर्षात वाढली काय आणि वैशाखात वाढली काय, तिची चव एकच.

उपनगरांतील आपली घरे ढोबळमानाने दोन वाटांनी आली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडकडील मंडळी गिरणी, गोदी, रेल्वे यांच्या नोकऱ्यांसाठी आली आणि पुढे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीकडे पसरली. सातारा, सोलापूर, मराठवाड्याकडील काही घरे आधीच होती, पुष्कळशी १९७२ च्या दुष्काळाने आणली. या दोन वाटांचा वसंतही निरनिराळा.

कोकणातल्या घरात चैत्र लागला की ओल्या काजूची उसळ होते, कोवळ्या फणसाची म्हणजे कुयरीची भाजी होते. फणस पिकला की गरे मुले खातात आणि आठळ्या आजी धुऊन, सुकवून, मातीत किंवा राखेत ठेवते. त्या पावसाळ्यात सुकटीबरोबर शिजतात. रतांब्याची साले त्याच फळाच्या खारवलेल्या रसात पुन्हापुन्हा बुडवून उन्हात टाकली की आमसुले होतात, आणि खारवलेला रस म्हणजे आगळ बाटलीत भरून वर्षभर पुरतो. सुकी मासळी भरण्याचे दिवसही हेच. अंधेरीच्या वेसावे किनाऱ्यावर बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत टाकलेले ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे सांगायला नको. पावसाळी मासेमारीबंदी जूनच्या आरंभी सुरू होते, तोवर घरात बोंबील, जवळा, सुकट भरून झालेली बरी.

देशावरच्या घराची गोष्ट वेगळी. तिकडे चैत्रात नवी ज्वारी, नवा गहू घरात आलेला असतो, पण हिरवी भाजी मिळत नाही. म्हणून थंडीत खुडलेला हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवायचा आणि उन्हाळ्यात तो शिजवायचा. जोडीला हुलग्याचे माडगे, सांडग्यांचे कालवण, ताकात आंबवलेल्या पिठाची अंबील. ही सारी कमतरतेच्या दिवसांची तयारी होती, आणि त्यात मोठी अक्कल होती.

बोरिवली स्टेशनबाहेर मे महिन्यात पानांच्या द्रोणांतून करवंदे आणि जांभळे विकणाऱ्या आदिवासी भगिनी आपण पाहतो. राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांचा आणि पालघरकडच्या रानांचा तो मेवा. त्याच उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. तेथील अकरावे लेणे पाहिले नसेल तर विद्यार्थ्यांनी जरूर पाहावे. दालनाच्या लांबीभर दोन ठेंगणे दगडी ओटे कोरलेले आहेत. भिक्खू तेथे ग्रंथपठणाला बसत की भोजनाला, यावर अभ्यासकांत मते आहेत. वेरूळच्या पाचव्या लेण्यातही तसेच ओटे आहेत, आणि त्या लेण्याला लोकांनी ‘महारवाडा’ हे नाव दिलेले आहे. असो.

वाळवणात आम्ही कुरडईला पहिला मान देतो, कारण तिच्यात सर्वांत जास्त कष्ट आणि सर्वांत जास्त शास्त्र आहे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचे. या तीन दिवसांत दाणा आंबतो, मऊ होतो आणि त्यातले सत्त्व सालापासून सुटायला तयार होते. चौथ्या दिवशी ते वाटून, पिळून, गाळून घ्यायचे. रात्रभर ठेवले की पांढराशुभ्र चीक तळाशी बसतो व वर पिवळसर पाणी राहते, ते ओतून द्यायचे. पहाटे मोठ्या पातेल्यात मीठ-हिंग घातलेले पाणी उकळून त्यात चीक सोडायचा आणि हात न थांबवता घोटायचा. गुठळी झाली की संपले. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यात भरून कापडावर पाडायचा, कारण थंड झाला तर दाबता दाबत नाही. सूर्य वर येण्यापूर्वी पाडायचे ते पूर्ण दिवसाचे ऊन मिळावे म्हणून. ओल राहिली तर बुरशी धरते, ओल गेली तर कुरडई वर्षभर टिकते. उरलेल्या चोथ्याचेही पापड होतात. आणि पातेल्याच्या तळाला राहिलेला चीक दूध-गूळ घालून मुलांना मिळतो. पहाटे उठण्याची मुलांची मजुरी तीच!

हे काम एकटीचे नव्हे. चाळीत एकीचे गहू निघाले की चारजणी मदतीला येत, आणि परतफेड आपापल्या पाळीने होई. सोऱ्याही एकच, तो घरोघर फिरे.

आता थोडे कटू लिहिणे भाग आहे. जुन्या जेवणाचे गोडवे गाताना आपण एक विसरू नये. आपल्या पूर्वजांच्या ताटात जे होते ते सगळे त्यांनी निवडलेले नव्हते. गावकीच्या कामाबद्दल मिळणारी शिळी भाकरी आणि मेलेल्या जनावराचे मांस ही ऋतूची देणगी नव्हती, ती लादलेली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले, आणि २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पाणी आणि अन्न या दोन्ही गोष्टी त्या एका वसंतात मानवी प्रतिष्ठेच्या प्रश्न झाल्या. त्यानंतर गावोगाव लोकांनी मेलेली ढोरे ओढण्याचे सोडले आणि त्यापायी बहिष्कारही सोसले. जे त्यांनी निर्धाराने टाकले, ते ‘परंपरा’ म्हणून परत ताटात आणण्याची गरज नाही.

परंतु टाकणे वेगळे आणि लपवणे वेगळे. मांसाच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात वाळवायच्या, त्यांना चान्या म्हणत, हे आज पुष्कळ घरांतली आजी नातवंडांना सांगत नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील हे सारे अन्न नावानिशी, कृतीनिशी लिहून ठेवले. त्याआधी २००९ साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नस्मृतींवर पुस्तक काढले होते. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) कोकणातली बाजू येते. आमच्या मते हे लिहिले गेले ते उत्तम झाले. मांस वाळवण्यात मीठ, ऊन आणि वारा यांचे जे ज्ञान होते तेच बोंबलात आहे, सांडग्यात आहे. त्या ज्ञानाची लाज कशाला वाटावी?

दुसरा प्रश्न नाजूक आहे आणि आपल्या बैठकांतून तो अधूनमधून निघतो. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण होळी सोडली, गुढी सोडली. मग पुरणपोळीचे काय? पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने गुळाबरोबर खात असत, त्यांचे काय? काही घरांनी सणाबरोबर पदार्थही सोडले. काही घरांत पुरणपोळी होळीवरून उठून १४ एप्रिलला येऊन बसली आहे. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे आहे. आम्हांस मात्र वाटते की गुढी उभारणाऱ्याची असेल, कडुनिंब झाडाचा आहे. त्याला चैत्रात पालवी फुटते ती कोणाचा धर्म विचारून फुटत नाही.

या बाबतीत जपानकडे पाहण्यासारखे आहे. तेथे वसंतसंपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र समान होण्याच्या सुमारास सात दिवस ‘हिगान’ पाळतात. मधला दिवस २० किंवा २१ मार्चला येतो, म्हणजे आपल्या चवदार तळ्याच्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी. हिगान या शब्दाचा अर्थ पैलतीर, आणि त्यातला बौद्ध संदर्भ आपल्या वाचकांस सांगायला नको. त्या दिवसांत कुटुंबे पूर्वजांच्या स्मशानी जातात, स्वच्छता करतात, आणि घरी केलेला ‘बोतामोची’ ठेवतात. चिकट तांदळाचा गोळा आणि त्यावर लाल कडधान्याच्या गोड पुरणाचे आवरण. आपले पुरण पोळीच्या पोटात, त्यांचे भाताच्या पाठीवर! हाच पदार्थ शरदात केला की त्याला ‘ओहागी’ म्हणतात, कारण वसंतात बोतानचे फूल फुलते व शरदात हागीचे. पदार्थ तोच, नाव ऋतूप्रमाणे. पुढे ८ एप्रिलला तथागतांचा जन्मदिन येतो. फुलांनी सजवलेल्या लहानशा मंडपात बालबुद्धाच्या मूर्तीवर एका झुडपाच्या पानांचा गोडसर चहा ओततात, लोकही तो पितात. वसंतात पहिल्यांदा उगवणाऱ्या कडवट रानभाज्या तेथे आवडीने खातात. कडूची गोडी आपल्या चैत्रालाही होतीच. समान दिवस-रात्र ही गोष्ट सूर्याची. पण तेथील घरांनी भाताच्या एका गोळ्याने ती धम्माशी जोडून घेतली.

आपल्याकडे अशी जोडणी करायला खीर तयारच आहे. उरुवेला येथे सुजाताने सिद्धार्थास दिलेल्या खिरीला पाली ग्रंथांत पायास म्हटले आहे. निदानकथेत त्या खिरीचे ४९ घास झाले असे येते, आणि त्यानंतर सात आठवडे त्यांनी अन्न घेतले नाही. दिवसाला एका घासाचा तो हिशेब आहे. खीर दूध-तांदळाची, साधी. आपल्या काही घरांत वैशाखी पौर्णिमेला ती शेवयांची होते, त्यातही गैर काही नाही, विशेषतः शेवया त्याच महिन्यात घरी वळलेल्या असतील तर. पाकिटातला तयार मसाला मात्र घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. वेलची आणि जायफळ पुरे. श्रीलंकेत याच पौर्णिमेला रस्त्यावर मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्यास फुकट अन्नपाणी देतात. आपल्या उपनगरांतही पाण्याचे, सरबताचे स्टॉल लागतात. तेथे रंगीत सरबताऐवजी कैरीचे पन्हे का नसावे? कैऱ्या उकडून गर काढायचा, गराच्या दुप्पट गूळ, चवीपुरते मीठ, वेलची. हा बलक आदल्या रात्री करून ठेवला की सकाळी फक्त गार पाणी मिसळायचे. पिण्याचे पाणी तेवढे खात्रीचे हवे.

अडचण जागेची आहे. चाळी गेल्या, वस्त्यांच्या जागी इमारती येत आहेत, आणि इमारतीच्या गच्चीला कुलूप असते. गच्चीवर वाळवण घालण्यास मनाई करणाऱ्या गृहनिर्माण संस्था आम्हांस ठाऊक आहेत. काही भगिनींनी खिडकीच्या जाळीत सुपे ठेवून यावर तोड काढली आहे, पण सुपात दोन किलोंच्या कुरडया मावत नाहीत. एप्रिल-मेच्या चार रविवारी गच्चीची किल्ली मिळावी एवढा ठराव सभासदांनी आपापल्या सोसायटीत मांडून पाहावा.

विद्यार्थ्यांकडे मात्र वेगळे काम आहे. परीक्षा संपल्यावर आजीजवळ वही घेऊन बसावे. ती किलोत सांगणार नाही. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, एवढे आधी पाठ करून जावे. पदार्थाचे तिच्या गावचे नाव लिहावे, पुस्तकातले नव्हे. कोणाच्या शेतावरून काय यायचे, कोणत्या कामाबद्दल यायचे आणि काय मिळत नसे, हेही विचारावे. गव्हाच्या चिकाबद्दल विचारायचे असेल तर तो शिजत असताना पहाटेच जावे, कारण घोटणे केव्हा थांबवायचे हे ती पळीवरून पडणाऱ्या धारेकडे पाहून दाखवील.