परदेशात शेतीकामाचा सीझनल विसा: पैसे भरायच्या आधी वही काढा



मागच्या महिन्यात दुकानाचं शटर ओढायच्या वेळेला एक मुलगा आला. वय चोवीस-पंचवीस, आपले व्हिडिओ बघतो म्हणाला. मोबाईलवर एक जाहिरात दाखवली: 'यूकेत स्ट्रॉबेरी तोडणी, सहा महिन्यांत दहा लाख, विसाची गॅरंटी.' एजंटने सांगितलेला आकडा सहा लाख. "ताई, दोन लाख आईच्या सोन्यावर काढतो, चार लाख खासगी व्याजाने, शेकडा दोन रुपये. परत आलो की रोपवाटिका टाकतो. जाऊ का?"

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. वही काढली. आज तोच हिशेब तुमच्यासमोर मांडते, कारण भांडवल जमवायला बाहेर जायचा विचार तुमच्यातले बरेच जण करताय. विचार चुकीचा नाही. पण हा सहा महिन्यांचा धंदा आहे आणि धंद्याला आधी हिशेब लागतो.

आधी विसा समजून घ्या

यूकेचा सीझनल वर्कर विसा खरा आहे. फळं-भाजी-फुलांच्या कामासाठी तो जास्तीत जास्त सहा महिन्यांचा मिळतो. मुदत वाढत नाही, तिथे राहून दुसऱ्या विसावर जाता येत नाही, बायको-मुलांना नेता येत नाही. 'एकदा पोचलास की पुढचं बघू' असं कुणी म्हणालं, तर तो तुम्हाला बेकायदा राहायला सांगतोय.

दुसरी गोष्ट. तिथला शेतकरी तुम्हाला थेट बोलवू शकत नाही. ब्रिटिश सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्याच संस्था आहेत, त्यांना स्कीम ऑपरेटर म्हणतात. स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट फक्त त्याच देतात आणि त्यांची यादी सरकारच्या वेबसाइटवर उघड आहे. काम मिळवून देण्याबद्दल मजुराकडून फी घेणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे.

तिसरी गोष्ट जाहिरातीत कधीच नसते. जागा ठरलेल्या असतात. २०२५ साठी फळबाग-भाजीपाल्याला ४३,००० होत्या. कोणत्या देशातून माणसं घ्यायची ते ऑपरेटर ठरवतात आणि अलीकडे बहुतेक मजूर किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान इकडचे असतात. भारताच्या वाट्याला थोडंच येतं. मग 'गॅरंटी' कुणाच्या जिवावर देतात?

आता हिशेब

एप्रिल २०२५ चे दर घेते. दर एप्रिलमध्ये बदलतात, तुम्ही तुमच्या वेळचे टाका.

तासाचं किमान वेतन १२.२१ पाउंड. नियमाने आठवड्याला किमान ३२ तासांचा पगार मिळायलाच हवा. म्हणजे आठवड्याला साधारण ३९० पाउंड. येण्या-जाण्याचे, थांबण्याचे दोन आठवडे सोडून २४ आठवडे धरले.

- एकूण पगार: ९,३६० पाउंड
- राहण्याचे: १,८०० (किमान वेतनावर असाल, तर दिवसाला १०.६६ च्या वर कापता येत नाही)
- जेवणखाण, फोन: १,०८० (आठवड्याला ४५, स्वतः रांधलं तर)
- नॅशनल इन्शुरन्सची कपात: २९०
- विसा फी: ३१९
- विमान जाऊन-येऊन: ७०० धरू
- बूट, रेनकोट, कागदपत्रं, इथला प्रवास: १७०

हाताशी राहिले साधारण ५,००० पाउंड. पाउंड ११५ रुपयांचा धरला तर पावणेसहा लाख रुपये.

वाईट आहे का? अजिबात नाही. सहा महिन्यांत पावणेसहा लाख हातात, कर्ज नाही, हे चांगलं भांडवल आहे. पण आता त्यातून एजंटचे सहा लाख वजा करा. पंचवीस हजार तोटा. चार लाखांचं व्याज महिन्याला आठ हजार, पैसे फिटेपर्यंत आठ महिने धरले तर आणखी चौसष्ट हजार. म्हणजे पहाटे उठून सहा महिने पॉलिटनेलमध्ये वाकून स्ट्रॉबेरी तोडायची आणि घरी नव्वद हजारांचा खड्डा घेऊन यायचं. ओव्हरटाइम मिळाला तर खड्डा भरेल. पण ओव्हरटाइम हवामानावर आणि पिकावर आहे, त्याची गॅरंटी कुणी देत नाही.

मुलगा बराच वेळ वहीकडे बघत बसला. मी म्हटलं, "अरे, ऊसतोडीला निदान मुकादम आपल्याला उचल देतो. इथे तू मुकादमाला उचल देतोयस."

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. २०२२ मध्ये इंडोनेशियातून केंटच्या शेतांवर गेलेल्या मजुरांवर दलालांचं हजारो पाउंडांचं कर्ज असल्याचं तिथल्या वर्तमानपत्रांनी उघड केलं होतं. कर्ज असलं की माणूस मालकापुढे तोंड उघडत नाही. खरा धोका तो आहे.

इटलीचं काय?

तिथेही सीझनल विसा आहे, नऊ महिन्यांपर्यंतचा. तिथे अर्ज मालक करतो आणि 'नुल्ला ओस्ता' नावाची परवानगी काढतो. पोचल्यावर ठरलेल्या मुदतीत करारावर सही व्हावी लागते. मालकच खोटा निघाला तर तुम्ही कागदाशिवाय अडकता. लातिना भागात सतनाम सिंग नावाच्या भारतीय मजुराचा जून २०२४ मध्ये मृत्यू झाला. यंत्रात हात तुटल्यावर त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी घराजवळ टाकून दिलं होतं. त्याच्याकडे कागद नव्हते. कागद हा जिवाचा प्रश्न आहे, हे लक्षात ठेवा.

पैसे देण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी आहे का? ई-मायग्रेट पोर्टलवर नाव आणि नंबर स्वतः तपासा.

२. तो किती मागतोय? नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं. पावतीसकट.

३. यूके असेल तर स्कीम ऑपरेटर कोण? नाव सरकारी यादीत आहे का?

४. करारात तास, दर, राहण्याची कपात लिहिली आहे का? आणि ती तुम्हाला समजेल अशा भाषेत आहे का?

५. खात्यात १,२७० पाउंड सलग २८ दिवस दाखवायचे आहेत, की ऑपरेटर ती जबाबदारी घेतोय?

एकाही प्रश्नावर एजंट म्हणाला, "ते माझ्यावर सोड", तर उठा आणि घरी या.

आणि सहावा प्रश्न स्वतःला विचारा: परत आल्यावर त्या पैशाचं काय करणार? जायच्या आधी रोपवाटिकेची जागा, पाणी, कोकोपीट-ट्रेचा खर्च, गिऱ्हाईक कोण, हे कागदावर असेल तरच ते भांडवल. नाहीतर गाडी येते आणि पैसे जातात.

त्या मुलाने एजंटला फोन करून नोंदणी नंबर मागितला. "व्हॉट्सअॅपवर पाठवतो," म्हणाला. अजून आलेला नाही. सोनं आईच्या कपाटात आहे आणि त्याने चाळीस ट्रेपासून मिरचीची रोपं सुरू केलीत. जायचं त्याच्या मनात अजून आहे. जाऊ दे की. पण या वेळी वही घेऊन जाईल.

तुम्हाला कुणी आकडा सांगितला असेल, तर आज रात्री हाच हिशेब तुमच्या आकड्यांनी मांडा. शेवटची ओळ घरच्यांना वाचून दाखवा. मगच ठरवा.